सामोवारामागची बाई

बिश्केक, १४ जुलै

जिपारा वहिनी,

तुमचं पत्र पोचलं. म्हणजे रानोच्या हातचं. एका खोलीत राहणाऱ्या परक्या बाईला समोर बसवायचं, तिला एकेक वाक्य सांगायचं आणि तिनं ते फोनवर लिहायचं, ही कुठली तऱ्हा? आठवी शिकलेल्या बाईला चार ओळी स्वतः लिहिता येत नाहीत? असो. रशियात येकातेरिनबुर्गला जाऊन माणसं आळशी होत असतील.

हो, त्या फोटोतली बाई तुम्हीच. रानोनं भावाला लग्नाच्या फोटोत बसवायला म्हणून माझं ‘बिर्गे’ अ‍ॅप उघडलं आणि पहिल्याच पानावर तुम्ही दिसलात. दोन चौकटी. डावीकडे गावचं अंगण, आई, बाबा, दादा, आईच्या मांडीवर मी, आणि मागे चहाची किटली घेऊन उभी असलेली एक सून. उजवीकडे तेच अंगण, तीच माणसं, सून गायब. तिच्या जागी मागची मातीची भिंत, भेगांसकट. खाली लिहिलंय, ‘नको असलेली व्यक्ती क्षणात काढा.’

तुम्ही विचारता, माझाच फोटो का? अहो, कोणाचा तरी लागणारच होता. एकट्यानं अ‍ॅप बनवणारा माणूस पहिले प्रयोग घरच्यांवरच करतो, परक्यांचे फोटो वापरले की भांडणं होतात. मग घरातलं कोणाला काढू? आईला? तुम्ही सोयीच्या होतात. कडेला उभ्या, कोणाला खेटून नाही, अंगावर कोणाचा हात नाही. दोन सेकंदांत निघालात. दादाला काढून बघितलं तर अकरा सेकंद लागले आणि बाबांचा गुडघाही त्याच्याबरोबर गेला.

तेवढा फोटो काढून टाक म्हणता. नाही काढणार. त्याच्यामुळे अ‍ॅप खपतं. ओशपासून कझाकांच्या गावांपर्यंत बायका रोज काढाकाढी करतात. परवा एकीनं एकच तारा देऊन लिहिलं, ‘नणंदेला काढलं, पण तिची सावली राहिली.’ मी दिवसभर बसून ती सावली दुरुस्त केली. बाकी निम्मे लोक उलटे, त्यांना माणूस घालायचा असतो. पोरगा मॉस्कोत विटा उचलतोय, घरी बहिणीचं लग्न लागलंय, मग मॉस्कोहून त्याचा जाड जाकिटातला फोटो येतो आणि आमचं अ‍ॅप त्याला सदरा घालून मामाशेजारी उभा करतं. काढणं सोपं. घालणं कठीण, कारण उजेड जुळवावा लागतो.

आणखी एक. रानोला माझी ओळख ‘माझी मुलगी’ अशी करून देऊ नका. माझ्या जन्मदाखल्यावर आई म्हणून तुमच्या सासूचं नाव आहे. तुम्ही मला जन्म दिलात, चाळीस दिवस पाजलंत आणि घरातलं पहिलं नातवंड म्हणून सासूच्या मांडीवर ठेवून दिलंत. पद्धत आहे, मला ठाऊक आहे. पद्धतीप्रमाणे मी आजीआजोबांची धाकटी लेक, ज्याच्यापासून झाले तो माझा दादा, आणि तुम्ही वहिनी. मग पद्धतीनंच राहू या की.

तुमची नणंद,
बेगायिम


बिश्केक, २ ऑगस्ट

जिपारा वहिनी,

फोन करू नका, मी उचलत नाही. लिहिलेलं बरं पडतं. वाचायचं तेव्हा वाचता येतं, नाही वाचलं तरी कोणी काही म्हणत नाही.

आईचं वर्षाचं जेवण सप्टेंबरात आहे हे तुम्हाला बुरुल आत्यानं सांगितलं असणार. तिच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. तुम्ही म्हणता, यायची इच्छा आहे, एकदाच सगळ्यांच्यात बसायचं आहे, आणि जमलं तर माझ्याबरोबर एक फोटो हवा आहे. पस्तीस वर्षांत दोघींचा एकही फोटो नाही म्हणता. खरं आहे. माझ्याकडे घरातले चार हजार फोटो आहेत, सगळे मी संगणकात घातलेत, चेहऱ्यांप्रमाणे लावलेत. तुम्ही एकोणचाळीस फोटोंत आहात. सदतीसमध्ये हातात किटली. दोनमध्ये पाठमोऱ्या.

दादाला मी विचारलं. तो म्हणाला, “तुझं तू बघ बाई, मला मधे घालू नकोस.” नवी वहिनी म्हणाली, “येऊ दे की. भांडी घासायला माणूस कमीच आहे.” अनारकुलच्या जिभेला हाड नाही. नवी वहिनी कसली, तिलाही येऊन आता सव्वीस वर्षं झाली.

या. पण काही अटी आहेत. शोक करायच्या तंबूत घरच्या बायकांत बसायचं नाही. तुम्ही काडीमोड झालेल्या सून आहात, बाहेर पाणी उकळायच्या सामोवारापाशी बसून चहा ओतायचा. मला हात लावायचा नाही. कोणासमोर ‘मुलगी’ हा शब्द काढायचा नाही. माझ्यासाठी काही आणायचं नाही, तो गुलाबी खोक्यातला रशियन केक तर मुळीच नाही. आणि रडायचं नाही. आईसाठी रडायला आम्ही आहोत.

पटत असेल तर कळवा, मग तारीख सांगते.

बेगायिम


बिश्केक, २० ऑगस्ट

जिपारा वहिनी,

तुमचं उत्तर वाचून माझा तिळपापड झाला. ‘सगळं कबूल आहे, तारीख कळव.’ संपलं! एवढ्या अटी घातल्या, त्यातली एक तरी तुम्ही उडवून लावाल असं मला वाटलं होतं. ‘कोण गं तू मला सांगणार’ एवढं एक वाक्य. तेही नाही.

चाळिसाव्या दिवशीही असंच ‘कबूल आहे’ म्हणाला असाल ना? तेव्हा वीस वर्षांच्या होतात, वाटलं असेल, हे गेलं तर गेलं, दुसरं होईल. नाही झालं. मग दादानं मूल होत नाही म्हणून तुम्हाला माहेरी पाठवलं, तेव्हाही तोंडात मूग. ज्या घरात तुमचं मूल अंगणात खेळत होतं, त्याच घरातून वांझ म्हणून बाहेर पडलात आणि फाटकाशी उभं राहून ‘ही कोणाची मग?’ एवढं विचारलं नाहीत. मी नऊ वर्षांची होते. फाटकावर चढून बसले होते. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणालात, “उतर, पडशील.” पुढे सहा महिन्यांनी शेजारच्या पोरीनं खेळताना भांडण झाल्यावर मला सगळं सांगितलं. घरच्या सगळ्यांना वाटत होतं, मला आधीच माहीत आहे.

इथे वीज सारखी जातेय. अ‍ॅपची नवी आवृत्ती तपासणाऱ्यांनी दोनदा परत पाठवली. एकदा म्हणे बटणाचा रंग फिका, एकदा काही कारणच नाही. मी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसते ती संध्याकाळी उठते, तळलेल्या कणकेच्या बोरसोकवर आणि चहावर दिवस निघतो. तुम्हाला म्हणून सांगतेय असं नाही, लिहिण्याच्या ओघात आलं.

जेवण एकवीस सप्टेंबरला आहे. शनिवारी. सकाळीच पोचा.

बेगायिम


गाव, १५ सप्टेंबर. हे पाठवायचं नाही.

जेवण काल झालं. चौदा तारखेला. एकवीसला नव्हतंच कधी.

घोडी कापली, अडीचशे माणसं जेवली, आईचं नाव निघालं. तंबूत बायका भिंतीकडे तोंड करून गळा काढत होत्या, त्यांच्यात मीही होते. बाहेर चहा ओतायला अनारकुल होती आणि दर दोन पेल्यांनंतर कंबर धरत होती. बुरुल आत्यानं मला तंबूच्या दाराशी गाठलं.

“जिपारा नाही आली गं? तिला कळवलं नाहीत?”

“कळवलं होतं.”

“मग आली असती. ती पोरगी बोलावणं चुकवणारी नव्हे.”

“कामातून सुटी नसेल मिळाली.”

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की माझी मान आपोआप खाली गेली. म्हणाली, “तुझं नाक तिचंच आहे. वरून कितीही रंग दे.”

मी का केलं? तारीख लिहिताना ठरवलेलं नव्हतं. बोट एकवरून दोनवर गेलं आणि मी ते तिथेच ठेवलं. मला वाटत होतं, तू कोणाला तरी विचारशील. दादाला फोन करशील, आत्याला विचारशील, तुला कळेल मी काय केलंय, आणि तू तावातावानं चौदालाच येशील. सगळ्यांसमोर माझा दंड धरशील. विचारशील, का गं? मी सकाळपासून रस्त्याकडे बघत होते. डोलोन घाटातून येणाऱ्या प्रत्येक गाडीतून कोण उतरतंय ते बघत होते. मी सांगितलं त्यावर तू सरळ विश्वास ठेवलास. कोणी इतका विश्वास ठेवतं का?

सगळ्यांचा फोटो मीच काढला. तिपाईवर कॅमेरा, दहा सेकंदांचा वेळ, मी धावत जाऊन दादाशेजारी उभी. सगळ्यांना दाटीवाटीनं बसवलं, तरी सामोवाराच्या मागे एक माणूस मावेल एवढी जागा राहिली. फोटोग्राफर असून दिसली नाही. दिसली होती.


बिश्केक, २७ सप्टेंबर

जिपारा वहिनी,

तुम्ही लिहिता, ‘माझ्याकडून तारीख वाचण्यात घोळ झाला असणार, वय झालं, तू मनाला लावून घेऊ नकोस.’ मी कशाला लावून घेऊ? मी चौदाच लिहिलं होतं. पत्र तुमच्याजवळ आहे, उघडून बघा हवं तर.

तुम्ही बघणार नाही, ते मला माहीत आहे.

नव्या वहिनीनं मला फोनवर सगळं सांगितलं. एकवीसला सकाळी आठलाच तुम्ही फाटकात हजर. तंबू उतरवलेला, अंगणात राख आणि हाडं, कुत्री. अनारकुलनं तुम्हाला आत बोलावून चहा दिला, पण पेला काठोकाठ भरून. आपल्यात भरलेला पेला म्हणजे ‘प्या आणि निघा’, ते तुम्हाला सांगायला नको. तिलाच सांगताना लाज वाटत होती. म्हणाली, “घाईत ओतला गेला गं, मुद्दाम नाही.” तुम्ही म्हणे तो सगळा प्यायलात, आभार मानलेत आणि आईच्या कबरीपाशी जाऊन संध्याकाळच्या गाडीनं निघालात. चार दिवसांचा प्रवास करून एक पेला चहा.

परतताना बिश्केकमध्ये माझ्या इमारतीखाली बाकावर दोन तास बसला होतात, असं शेजारची म्हातारी सांगत होती. मी घरी नव्हते. आधी कळवायचं.

आता तुमची मागणी. कारखान्यातल्या बायकांना तुम्ही सांगून बसलात की सासूच्या वर्षाला जाते, फोटो घेऊन येते. आता त्या विचारताहेत. म्हणून ‘बाकीच्या लोकांना करून देतेस तसं मलाही तुझ्या यंत्रातून त्या फोटोत उभी कर. तुझ्याशेजारी.’ शेवटचे दोन शब्द रानोनं वेगळ्या ओळीत लिहिलेत. तुम्ही सांगितलंत म्हणून, की तिच्या मनानं?

बघते. ओळीत तुमच्याआधी साठ माणसं आहेत. चेहऱ्याचा फोटो पाठवा. उजेडात काढा, दिव्याखाली नको.

बेगायिम


बिश्केक, ९ ऑक्टोबर

जिपारा वहिनी,

फोटो सोबत पाठवतेय.

तुम्ही पाठवलात तो दिव्याखालीच काढलेला होता. हिरवट चेहरा, भिंतीला टेकलेलं डोकं, गळ्यापर्यंतच. जणू ओळखपत्राला काढलाय. रानोला सांगा, फोटोग्राफी तिचा प्रांत नव्हे. हिरवट छटा काढायला मला एक सकाळ लागली. मग उजेड उजवीकडून आणला, कारण चौदा तारखेला साडेचारचं ऊन उजवीकडून होतं. डोक्याला पांढरा रुमाल घातला. अंगावर तपकिरी झगा, तो मी अनारकुलच्या अंगावरून घेऊन थोडा बदलला. हात यंत्रानं बनवले.

माझ्याशेजारी नाही जमलं. माझ्या एका बाजूला दादा आहे, दुसऱ्या बाजूला मामी, त्यांना काय उचलून फेकू? सामोवारामागे जागा मोकळी होती, तिथे उभ्या केल्यात. उजव्या हातात किटली, डाव्या हातानं तिचं झाकण धरलंय. चित्र अगदी खरं वाटतं. कोणीही म्हणेल, ही बाई जन्मभर तिथेच उभी होती. आपल्या दोघींच्या मधे चारच माणसं आहेत.

बायकांना दाखवा. खूश होतील.

बेगायिम


बिश्केक, १८ ऑक्टोबर

वहिनी,

कमाल झाली तुमची! फुकटात करून दिलं, साठ जणांना मागे ठेवून करून दिलं, आणि वर तक्रार? ‘फोटो फार छान आहे, फक्त डावा हात माझा वाटत नाही. जमलं तर तो बाहीत घाल किंवा सामोवाराच्या मागे घे.’

ऐका. या धंद्यात हाताइतकं अवघड काही नाही. सुरुवातीला माझं यंत्र कोणाला सहा बोटं द्यायचं, कोणाच्या अंगठ्याला दोन नखं. लोकांनी मला सळो की पळो करून सोडलं. बिचाऱ्या एका नवरदेवाला तर दोन्ही हात डावे आले होते. दीड वर्ष मी नुसते हात केले. बाजारात जाऊन हात काढले, मांसवाल्यांचे, शिंपिणींचे, गालिचे विकणाऱ्या म्हाताऱ्यांचे, तेवीस हजार हातांचे फोटो यंत्राला दाखवले. आता माझ्या हातांना कोणी नावं ठेवत नाही. प्रत्येक हाताला पाच बोटं, अंगठा सोडून प्रत्येक बोटाला तीन पेरं. तुमचा डावा हात तर या वर्षातला माझा सगळ्यात चांगला हात आहे. झाकणावर करंगळी कशी अलगद टेकलीय ते मोठं करून बघा.

आणि लपवायचं काय त्यात? तुम्हाला लपण्याची सवयच लागलीय. हात बाहीत, तोंड बंद, पाठ कॅमेऱ्याकडे. एकदा तरी फोटोत अख्ख्या उभ्या राहा की!

मी काही बदलणार नाही. हाच छापा.

बेगायिम


बिश्केक, ५ नोव्हेंबर

वहिनी,

काल रानोचा निरोप आला. तो तुम्हाला माहीत नाही असं ती म्हणते, म्हणून जसाच्या तसा उतरवते.

‘बाई, मी रानो. आजवर जिपारानं सांगितलं ते लिहिलं, आज माझं लिहितेय. तुझा फोटो तिनं मोठा छापून आणला. पाच दिवस पिशवीत ठेवून फिरली, काढेना. बायका सोडतात होय? रोज आपलं, गेली होतीस ना, दाखव ना. शेवटी जेवणाच्या सुटीत काढला, फोटोतल्या डाव्या हातावर अंगठा दाबून धरला आणि सांगितलं, ही माझी मुलगी, ही मी. एकीनं खसकन ओढून घेतला. मग काय विचारतेस! जिपारा, गावचं पाणी मानवलं गं तुला, बोटं परत उगवली! अख्खी लाइन हसली. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तिची डाव्या हाताची दोन बोटं कणीक लाटायच्या यंत्रात गेली, हे इथे झाडूवालीलासुद्धा ठाऊक आहे. तुला नाही? आता त्या म्हणतात, फोटो खोटा, जाणं खोटं, मुलगीसुद्धा खोटीच असेल. तिला पाचबोटी म्हणून हाक मारतात. ती ओ देते. तू शिकलेली ना? हात बाहीत घाल असं तिनं मागितलं, तेव्हा का म्हणून एक शब्द विचारायला तुझं काय जात होतं? परत फोटो पाठवू नकोस.’

मी अनारकुलला फोन केला. तिला माहीत होतं. त्या सकाळी तुम्ही पेला एका हातानंच धरलात, दुसऱ्यावर रुमाल गुंडाळलेला होता, तो सुटला. तुम्ही तिला म्हणालात, बेगायिमला सांगू नकोस, तिचं काम डोक्याचं आहे, चित्त उडेल. मी तिच्यावर ओरडले, “मला सांगायचं नाहीस?” ती म्हणाली, “तू कधी विचारलंस? तू विचारलंस ते पेला किती भरला होता ते.”

मग मी जुना फोन शोधला, चार्ज केला. दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी काढला. चार तारखेला तुमचे तीन फोन आहेत. दुपारी दोन वाजून दहा, सव्वादोन, दोन पंचवीस. तिन्ही मी कापलेत. खाली माझा निरोप आहे, ‘नवी आवृत्ती सोडायच्या गडबडीत आहे. महत्त्वाचं असेल तर लिहा.’ सात तासांनी तुमचं उत्तर, ‘काही नाही गं. सहज.’ ते कोणी लिहिलं? तेव्हापासूनच रानो लिहितेय का?

त्या आवृत्तीत काय होतं तेही आठवतंय मला. हातच होते.

आणखी एक, आता लपवून काय करू. तुम्ही बाकावर बसला होतात तेव्हा मी घरीच होते. चौथ्या मजल्यावर, पडद्यामागे. लांबची लेन्स लावून बारा फोटो काढले. का काढले ते मला विचारू नका. आज सगळे उघडून बघितले. बाराच्या बारांत डावा हात कोटाच्या खिशात आहे. वारा सुटला, रुमाल डोक्यावरून घसरला, तो तुम्ही उजव्याच हातानं सावरला. शेवटच्या फोटोत तुम्ही वर बघताय, बरोबर माझ्याच खिडकीकडे.

मला फार लाज वाटतेय. एवढंच लिहिता येतंय.

बेगायिम


बिश्केक, १७ नोव्हेंबर

ऐक,

बारा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. रानोचंही नाही. फोन केला तर बंद लागतो. मी रोज करते, सकाळी एकदा आणि तुझी पाळी सुटायच्या वेळी एकदा. कारखान्याच्या नंबरावर केला तर तिथल्या बाईनं विचारलं, कोण जिपारा, ती पाचबोटी का? आणि मग म्हणाली, ती कामावर येते, पण फोनवर यायला नाही म्हणते. मी विचारलं, “कोणाचा फोन आहे ते सांगितलंत का?” ती म्हणाली, “हो, मुलीचा म्हणून सांगितलं. तर म्हणाली, मला मुलगी नाही, नणंद आहे.”

बरोबर आहे. मीच शिकवलं ते.

नमुन्याचा फोटो मी अ‍ॅपवरून काढला. आता तिथे कोणाचाच नाही. त्यानं काही होत नाही हे मला कळतं. तुझं हसं झालं ते झालं.

मी ठरवलं होतं, वर्षाचा फोटो नीट करायचा आणि त्या बायकांच्या नाकावर टिच्चून तुझ्याकडे पाठवायचा. आठवडाभर दुसरं काही केलेलं नाही. लोकांचे निरोप साचलेत, एकीचा नवरा अजून अर्धाच लग्नात उभा आहे, राहू दे. मामीला एका बाजूला सरकवलं, जागा केली, तुला माझ्याशेजारी आणलं. किटली काढून घेतली. चेहरा तुझा बाकावरच्या फोटोतून घेतला, वर बघतानाचा. उजेड जुळला. सगळं जुळलं. हात जुळत नाही.

यंत्र ऐकत नाही गं. मी त्याला सांगते तीन बोटं, ते पाच देतं. दोन पुसते, बाजूला वळून परत बघेपर्यंत त्यानं भरून टाकलेली असतात, नखांसकट, स्वच्छ. त्याला वाटतं फोटो खराब आहे, ते दुरुस्त करतं. मीच तसं शिकवलंय त्याला. काल शेवटी यंत्र बंद केलं आणि साध्या ब्रशनं, एकेक ठिपका भरत, स्वतः काढायला बसले. मनगट काढलं. तळवा काढला. अंगठा काढला. पुढे हात चालेना.

मला माहीतच नाही. अनारकुलला विचारलं तर ती म्हणाली, तिनं नजर वळवली होती, नीट बघितलं नाही. माझ्याकडे तेवीस हजार हात आहेत, तुझा एक नाही. फोनवर येऊ नकोस, मला काही म्हणू नकोस, हवं तर रानोकडून एका ओळीत कळव. कोणती दोन गेली? पुरी गेली, की पेरापर्यंत?

बेगायिम